भिजत घातलेल्या कामट्या

मी आजवर मारलेल्या थापा एकावर एक रचल्या असत्या तर वसईच्या किल्ल्याहून उंच बुरूज उभा राहिला असता, आणि तो ढासळलाही नसता, कारण थापेला पाया लागतच नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला जेवढं कापून घ्यायचं तेवढं त्यानं खुशाल कापून घ्यावं. फक्त बायच्या बाबतीत जरा जपून. तिथं कात्री चालवायला गेलात तर हाताला काहीतरी लागेल.

बाय म्हणजे वसईजवळच्या पापडीतली आमची घरमालकीण. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. नालासोपाऱ्याला आम्ही फ्लॅट घेतला होता, म्हणजे त्या जागी चिखल होता आणि चिखलात एक बोर्ड होता. बिल्डर म्हणाला होता, 'गणपतीपर्यंत ताबा देतो.' कोणत्या वर्षीचा गणपती ते आम्ही विचारलं नाही. तोवर डोक्यावर छप्पर हवं म्हणून बायच्या घरातल्या माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या. मी मुंबईला कारकुनी करणारा, बायको सातारची, मासा दिसला तरी पदर नाकाला लावणारी. आणि खाली बाय, पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांची लेक, लग्न करून पापडीच्या वाडीत आलेली, नवरा केळीच्या बागा मागे ठेवून गेलेला. एवढ्यावरून पुढच्या युद्धाची कल्पना यावी.

पहिल्या रविवारीच युद्ध पेटलं. सकाळी बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि अशी किंचाळली की गास गावापर्यंतच्या म्हशींनी दूध चोरलं असेल. जाऊन बघतो तर अख्ख्या गच्चीवर माशांचे खवले पसरलेले. मासा नाही, नुसते खवले. उन्हात असे चमकत होते की विमानवाल्यांनी खाली समुद्र समजून नमस्कार केला असता. कठड्यावर मांजरं बसलेली, ओळीनं, प्रवचनाला बसल्यासारखी. त्यातली काही तर मला नक्की विरारकडची वाटली, आपल्या पापडीच्या मांजरांचा चेहरा एवढा गंभीर नसतो.

मी खाली जाऊन म्हटलं, "बाय, वर खवले कसले?"

"जिताड्याचे. बहिनीनं बाजारातून धाडले."

"ते दिसलं. पण कशाला?"

"फुलांना." बाय लसूण सोलत होती, मान वर न करता म्हणाली. "साबनानं तीनदा धुतलेत. तुज्या बायकोला सांग, वास नाय, तिच्या मनात हाय तो."

माशाच्या खवल्यांची फुलं करतात हे मला तेव्हा कळलं. एकेक खवला म्हणजे एकेक पाकळी. हळदीच्या पाण्यात बुडवली की पिवळी, कुंकवात बुडवली की लाल, आणि तारेत ओवून बसवली तर मोगरा लाजेल. मी म्हटलं, "वा, मग दाखव की एखादं केलेलं."

"मी नाय करत."

"मग कोण?"

"बनवनारा तिकडं हाय," असं म्हणून तिनं लसणाच्या हातानंच पश्चिमेकडं दाखवलं. पश्चिमेला आधी केळीची बाग, मग खाडी, मग थेट अरबी समुद्र. बनवणारा म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. तो बोटीवर होता.

एवढं सांगितल्यावर बायचं निम्मं चित्र पुरं झालं. उरलेलं निम्मं तिच्या एका खोलीत होतं.

बाय गोळा करायची. दुसरं काही नाही, नुसतं गोळा करायची. घरी हातानं वस्तू बनवायला जे जे लागतं ते ते सगळं. शिंप्याकडच्या चिंध्या, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, अंड्यांची टरफलं, फुटक्या बांगड्या, लग्नपत्रिका, काड्यापेट्या, नारळाचा काथ्या, केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, वाळवलेले दोर, वखारीतला भुसा, मिठाईच्या पुड्याची सुतळी. लोक लग्नाला आहेर द्यायला जातात, बाय आणायला जायची. वरमाला गळ्यातून निघाली की आतल्या दोऱ्यावर हिचा हक्क. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आळीतल्या सगळ्या हिंदू घरांपुढं ही हजर, मखराचा थर्माकोल न्यायला. तीही माणसं इतकी सरावलेली, की मखर करतानाच एकमेकांना सांगायची, 'कापू नका रे फार, बायला अख्खा तुकडा लागतो.'

माणिकपूरचा एक शिंपी तर तिला बघितलं की मशीन थांबवून उभा राहायचा, वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखा. बाय चिंधी उचलायची, गालाला लावायची, नाकाला लावायची, दोन्ही हातांनी ताणून कानाजवळ न्यायची आणि टाकून द्यायची.

"काय झालं बाय?" शिंपी घाबरून विचारायचा.

"ही बोलत नाय," बाय सांगायची. पुढच्या आठवड्यात शिंपी स्वतः चिंध्या कानाला लावून निवडून ठेवायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे कानाला लावलेल्या नाहीत, पण निवडून ठेवलेल्या पाहिल्यात.

एकदा मृतांच्या सणाला ती दफनभूमीत शिरली. त्या संध्याकाळी घरोघरची माणसं आपापल्या थडग्यांवर मेणबत्त्या लावून जातात. त्या विझल्या तशी ही सकाळी पिशवी घेऊन थडग्याथडग्यावरून थोटकं खरवडायला लागली. फादरनी बघितलं. फादर म्हणाले, "बाय, अगं ही मेलेल्या माणसांची आहे ना?"

"फादर, उजेड त्यांचा. तो वर गेला," बाय म्हणाली. "मेन खाली राह्यला तो माजा."

फादर खूप शिकलेले होते, रोमला जाऊन आलेले. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि आतून आणखी एक पिशवी आणून दिली.

हे सगळं कुठं जायचं? स्वयंपाकघरामागच्या खोलीत. त्या खोलीची किल्ली बायच्या गळ्यात, पवित्र मातेच्या पदकाशेजारी, त्याच दोरीत. मला तिनं ती खोली एकदाच दाखवली, आणि तीही मी तिची सुतळीची पिशवी स्टेशनवरून वाहून आणली म्हणून. मी आत गेलो आणि गप्प झालो. मी गप्प होणं म्हणजे काय हे माझ्या बायकोला विचारा.

मला वाटलं होतं अडगळ असेल. अडगळ नव्हती. पण चिंध्या चिंध्यांत, कागद कागदात असंही नव्हतं. एका कोपऱ्यात निळ्या चिंध्या, निळी बुचं, निळा पतंगाचा कागद, निळ्या बांगड्यांचे तुकडे. बाय म्हणाली, "हा समिंदर." भुसा, काथ्या, वाळकं गवत, तपकिरी दोर, "ही जमीन." कापूस, टरफलं, थर्माकोल, "हे ढग." आणि खिडकीखालच्या पत्र्याच्या डब्यात सिगारेटची चांदी, बेगड आणि धुतलेले खवले. तिनं झाकण उघडलं तशी खोलीत दुसरी एक खिडकी उघडल्यासारखं झालं. "हे चांदनं," बाय म्हणाली.

देवाला जग करायला सहा दिवस लागले म्हणतात. मला वाटतं त्याचं सामान आधीच कुणीतरी असं लावून ठेवलेलं असणार.

"आता नुसतं बसून बनवायचं," बाय म्हणाली आणि कुलूप लावलं.

तिला स्वतःला काही म्हणजे काही बनवता येत नसे. एकदा तिनं नाताळच्या गोठ्यासाठी मेंढपाळ करायला घेतला. झाल्यावर तो आमच्या नगरसेवकासारखा दिसायला लागला, पोटासकट. आळीतली माणसं येऊन हसून गेली. बाय स्वतः सगळ्यांत जास्त हसली आणि मेंढपाळ मोडून परत जमिनीत ठेवला. "माजे हात गोला करायचे," ती म्हणायची. "बनवायचे हात त्याचे."

आणि त्याचे हात होतेच तसे, हे मला आळीतल्या प्रत्येकानं सांगितलं. नाताळात तो करायचा तो तारा बघायला आगाशीहून माणसं यायची. बांबूच्या चिरलेल्या पातळ पट्ट्या, त्यांना कामट्या म्हणतात, त्या हौदात भिजत घालायच्या, भिजून मऊ झाल्या की हव्या तशा वाकतात. मग वर पतंगाचा कागद आणि आत दिवा. एका साली त्यानं ताऱ्याचं गलबत केलं, शिडांसकट. एका साली एवढा मोठा केला की म्हणे दारातून निघेना, शेवटी दाराची चौकट काढली. (ही थाप माझी नाही, शेजाऱ्यांची आहे. मी फक्त पुढे पाठवतोय.) तो काम करत बसला की बाय शेजारी पाटावर. तो मान वर न करता नुसता हात पुढं करायचा आणि बाय त्या हातावर नेमकी ती वस्तू ठेवायची. दोरा तर दोरा, खळ तर खळ. मागायला तोंड लागायचं नाही.

मग तो बोटीवर गेला. दर नाताळच्या आधी शेजारच्या दुकानात त्याचा फोन यायचा. बाय धावत जायची आणि चालत परत यायची. "रजा नाय मिलाली," म्हणायची. "फुडल्या साली." आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन पुन्हा बाहेर पडायची, आणखी जोरात, कारण पुढल्या साली दोन सालांचं एकदम बनवायचं होतं. मग तीन सालांचं. मग तिनं मोजणं सोडलं. गोळा करणं नाही सोडलं.

मी तिला बरं वाटावं म्हणून थापा मारायचो. ऑफिसात एक माणूस आहे, त्याच्या मेव्हण्यानं तुझ्या मुलाला जपानात बघितलं, तिथल्या राजाला कंदील करून देत होता. बाय ऐकून घ्यायची, कौतुकानं मान हलवायची आणि शेवटी एकच शब्द, "थापाड्या." माझ्या प्रत्येक गोष्टीचा शेवट त्या एका शब्दानं व्हायचा. मला नावानं तिनं कधी हाक मारली नाही. जिन्यातूनसुद्धा, "थापाड्या, नळाला पानी आलाय, खरं सांगते मी, तुज्यासारखं नाय." तो शब्द ऐकला नाही तर मला गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटायची नाही.

आणि एका डिसेंबरात तो आला.

आदल्या संध्याकाळी मुंबईहून फोन आला, उद्या येतो. बायनं त्याच संध्याकाळी कामट्यांची जुडी केळीच्या सोपटानं बांधून विहिरीशेजारच्या हौदात भिजत घातली, वर दगड ठेवला. सकाळी नवी साडी नेसून, केसात आबोली माळून दारात उभी राहिली. आम्ही दोघं जिन्यात. गळ्यातली दोरी तिनं मुद्दाम बाहेर काढली होती, किल्ली छातीवर उन्हात चमकत होती. मला तर वाटलं, पोराला पाणीसुद्धा न विचारता आधी खोली दाखवणार.

रिक्षा थांबली. गोरागोमटा, पोट सुटलेला, चाळिशीकडं झुकलेला माणूस उतरला. अंगात जाकीट. वसईच्या उकाड्यात जाकीट! मी बायकोला हळूच म्हटलं, "साहेब झालाय, साहेब. खिशातला हातसुद्धा बाहेर काढत नाही." त्यानं डाव्या हातानं बायला जवळ घेतलं. बाय त्याच्या छातीएवढीच होती. मग रीतीप्रमाणं तो आत गेला, आल्तारापुढं, म्हणजे घरातल्या देवाच्या फळीपुढं उभा राहिला. लांबून आलेलं माणूस आधी तिथं उजव्या हातानं क्रूसाची खूण करतं.

तो उभा राहिला. त्याचा डावा हात कपाळाकडं निघाला, निम्म्यावर थांबला आणि खाली आला. नुसतंच डोकं वाकवून तो वळला.

एवढंच झालं. मला काही कळलं नाही. माझ्या बायकोला काही कळलं नाही. बायनं गळ्यातली किल्ली उचलली आणि परत पोलक्यात टाकली.

"दमलास," ती म्हणाली. "पन आधी पाचूबंदरला जाऊन ये. मावशी रुसलीय तुजी. जेवून ये तिकडं."

"आई, आत्ता तर आलो."

"जा म्हनते ना. म्हातारीचा काय भरवसा?"

म्हातारी म्हणजे बायची धाकटी बहीण, टोपली डोक्यावर घेऊन बाजारभर फिरणारी, माझ्यापेक्षा धडधाकट. पण तो गेला. रिक्षा वळली तशी बायनं आबोली केसातून काढून आल्तारावर ठेवली आणि जिन्याकडं बघून हाक मारली, "थापाड्या, खाली ये. पोरी, तू पन ये. आनि आलीतल्या सगल्यांना सांगा, पिशव्या घेऊन या."

तिनं खोली उघडली आणि वाटायला सुरुवात केली.

ज्या बाईनं मला एकदा शर्टाला लावायला बटण दिलं नव्हतं, ती ओंजळी भरभरून देत होती. समुद्र शेजारच्या घरी गेला. जमीन दोन घरांत वाटली. ढग समोरच्या जोश्यांच्या मुली घेऊन गेल्या. माणसं आधी हसत होती, 'बाय, नाताळची भेट काय?' मग तिच्या तोंडाकडं बघून नुसती उचलत राहिली. मी उगाच आडवा आलो. "बाय, अगं डोकं फिरलं का तुझं? इतकी वर्षं ज्याची वाट बघितलीस तो आला, आणि आता..."

"त्याचा उजवा हात नाय," बाय म्हणाली.

"आहे की. खिशात आहे."

"खिशात हाय तो. पन नाय."

माझी बायको, जिनं त्या खवल्यांवरून बायशी दोन महिने अबोला धरला होता, ती पुढं झाली, पत्र्याचा डबा तिनं उचलून छातीशी धरला आणि मला म्हणाली, "अहो, बोलत काय बसलात? उचला." अशा रीतीनं चांदणं आमच्या वाट्याला आलं.

दुपार कलेपर्यंत खोली झाडून झाली. बायनं तिथं खाट टाकली, खाटेवर धुतलेली चादर टाकली. मग भिंतीला टेकून बसली, हात मांडीवर उताणे ठेवून. ते हात एवढे रिकामे मी कधी बघितले नव्हते.

"विचारील तो," ती म्हणाली. "तू सांग. बायनं त्या सालालाच सगलं टाकून दिलं, तू गेलास त्याच सालाला. सवय कवाच सुटली म्हनावं."

"कशी सुटली म्हणून सांगू?"

"ते तू बनव. तुला काय, तुजं सामान कायम तयार असतं."

संध्याकाळी तो मावशीनं दिलेले बोंबील घेऊन परत आला. खोलीच्या दारात थांबला. खाटेकडं बघितलं, भिंतींकडं बघितलं. "आई, इथलं सामान?"

"कसलं सामान?" बाय चुलीकडं तोंड करून म्हणाली.

मग मी सुरू झालो. लोकहो, अशी थाप मी ना त्याआधी मारली ना नंतर. सुरुवात साधीच केली. म्हटलं, तू गेलास आणि वाळवी लागली. पण वाळवी सगळं कसं खाईल? मग उंदीर आणले. उंदरांनी चांदी कशी खाल्ली? तेव्हा नाइलाजानं माणिकपूरच्या मैदानावर सर्कस उतरवली. सर्कशीतल्या हत्तीला ताप भरला, थंडी वाजायला लागली, त्याला झूल हवी, एवढ्या चिंध्या अख्ख्या तालुक्यात एकाच घरी, मॅनेजर स्वतः पाया पडायला आला, बायनं देऊन टाकलं. तो हत्ती जाताना दारात येऊन सोंड वर करून गेला, आणि मग काय, त्यानंतर बायला गोळा करायची इच्छाच राहिली नाही.

तो हसला. आधी ओठातल्या ओठात, मग खदखदून, आणि हसता हसता तोल सावरायला दोन्ही हात भिंतीला लावले. उजव्या हाताला अंगठा होता आणि करंगळीचं थोडं काहीतरी. मधलं नव्हतं.

त्यानं हात बघितला, आम्ही बघितला, तो हात पुन्हा खिशात गेला. बाय वळली, हातात ताट. "थापाड्या हाय तो," मुलाला म्हणाली, "लक्ष नको देऊ. जेव." ताट ठेवलं. बोंबलातला काटा काढलेला होता, आणि चमचा ताटाच्या डाव्या बाजूला होता.

तो डाव्या हातानं जेवला.

आता माझी सर्कस फुकट गेली ती अशी. एवढं सगळं निस्तरलं, पण हौद? हौदातल्या कामट्या आम्ही सगळेच विसरलो. बायसुद्धा. आयुष्यभर वस्तू नेमक्या जागी ठेवणारी बाई, ती त्या दिवशी तेवढी एक जुडी विसरली.

सकाळी तो विहिरीवर आंघोळीला गेला. मी गच्चीतून बघत होतो. त्यानं तांब्या हौदात घातला आणि तसाच थांबला. मग दगड बाजूला करून जुडी वर काढली. सोपटाची गाठ बघितली. त्या गाठी बायच मारायची, दुसऱ्या कोणाला ती गाठ जमायची नाही. एक कामटी ओढून त्यानं डाव्या हातानं वाकवून बघितली. मस्त वाकली ती, रात्रभर भिजली होती. मग त्यानं सगळं होतं तसं बांधलं, म्हणजे एका हातानं आणि दातांनी बांधायचा बराच वेळ प्रयत्न केला, आणि पाण्यात ठेवून वर दगड ठेवला.

थोड्या वेळानं तो गच्चीत आला. "काका, त्या हौदातल्या कामट्या कोणाच्या?"

"माझ्या," मी म्हटलं. "आकाशकंदिलाला."

"दिवाळी होऊन महिना झाला, काका."

"पुढच्या दिवाळीच्या. मी कामं वेळेवर करणारा माणूस आहे."

तो कठड्याला टेकून उभा राहिला. समोर नुसती केळीची पानं. म्हणाला, बोटीवर दोर ओढायच्या यंत्रात हात गेला. पुष्कळ वर्षं झाली. कंपनीनं मग कोठाराचं काम दिलं, सामान मोजून द्यायचं. "आईचं काम करतो आता," तो हसून म्हणाला.

"मग इतकी वर्षं आला का नाहीस रे? आई हात बघून तुला टाकणार होती का?"

"तसं नाही काका." तो पानांकडं बघत म्हणाला. "मी आलो असतो तर तिला कळलं असतं. आणि कळलं असतं तर तिनं गोळा करणं सोडलं असतं. मग ती काय करणार होती दिवसभर? म्हटलं, नाही गेलो तर निदान गोळा करत राहील."

मी काही बोललो नाही. आयुष्यात दुसऱ्यांदा.

"काल सकाळी होतं ना सगळं?" त्यानं विचारलं. मी उत्तर दिलं नाही, म्हणजे दिलंच. तो म्हणाला, "तिला सांगू नका मला कळलं म्हणून. तुमचा हत्ती मला पटला, एवढं सांगा."

त्या साली बायच्या दारावर बाजारातला प्लास्टिकचा तारा लागला. आत बल्ब, मागं वायर. आळीतली सगळी माणसं येऊन म्हणाली, छान आहे, टिकाऊ आहे, पावसाला हरकत नाही. हौदातली जुडी मी आदल्या दिवशीच गुपचूप काढून आमच्या माळ्यावर टाकली होती. वाळल्यावर कामट्या ताठ झाल्या आणि पुढं मोडल्या. नवीन वर्षाची चर्चमधली मिस्सा ऐकून तो परत गेला. निघताना आल्तारापुढं त्यानं डाव्या हातानं क्रूसाची खूण केली. सबंध केली.

बायनं त्यानंतर काही गोळा केलं नाही. माणिकपूरचा शिंपी मला रस्त्यात अडवून विचारायचा, 'बाय आजारी आहे काय?' त्यानं चिंध्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. मी त्याला सांगितलं, बाय आता फक्त रेशीम घेते. गणपतीनंतर आळीतल्यांनी अख्खं मखर तिच्या अंगणात आणून ठेवलं. ते तिथंच भिजलं.

पावसाळा सरता सरता एक दिवस ती काठी टेकत आमच्याकडं वर आली. बायको आत होती. बाय गच्चीत कठड्याशी बसली, मांजरांच्या जागेवर. मी तिला ऑफिसातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली, त्याला शिंक आली की चर्चगेटची घड्याळं पुढं जातात. ती ऐकत नव्हती.

"थापाड्या," ती म्हणाली, "त्याला कलला नाय ना रे?"

"काय?"

"मी सामान ठेवलाता तो. त्याच्यासाठी. त्याला वाटंल, आई वाट बघत व्हती, नि आपन हात घालवून आलो."

"छे," मी म्हटलं. "त्याला काय कळतंय? हत्तीवर पुरा विश्वास बसला त्याचा. जाताना मला विचारत होता, ती सर्कस आता कुठं असते म्हणून."

बाय माझ्याकडं बघत राहिली. मी वाट बघितली. तो शब्द यायला हवा होता. नेहमी येतो, गोष्ट संपली की येतो.

"बरा झाला," बाय म्हणाली आणि उठली.

मी जिन्यापर्यंत तिच्या मागं गेलो. ती भिंतीला धरून एकेक पायरी उतरत होती. मधल्या एका पायरीवर सुतळीचा तुकडा पडला होता, आमच्याच किराण्याच्या पुड्याचा. बाय थांबली. वाकली. तिचा हात सुतळीपर्यंत गेला नाही, निम्म्यावरच थांबला आणि वर आला. मग तिनं पाऊल जरा लांब टाकलं, तो तुकडा ओलांडला आणि खाली गेली.

पुढचा नाताळ तिनं पाहिला नाही.

तो तुकडा मी उचलून चांदण्याच्या डब्यात टाकला. सुतळीची जागा जमिनीत असते, चांदण्यात नाही, हे मला माहीत आहे. पण जमीन दुसऱ्यांच्या घरी गेली होती.